माझ्यावाचून अडतं

एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. घालता घालता त्याच्या हातून कपड्यांचा चिमटा खाली पडतो. तो वाकतो, हात लांब करतो, पण हात चिमट्यापर्यंत पोचत नाही. खोलीत दीड वर्षाचं एक मूल आहे. नुकतं चालायला लागलेलं, अजून धड बोलताही न येणारं. हा माणूस त्याच्या नात्यातला नाही, ओळखीतलाही नाही. मूल क्षणभर त्याच्याकडे बघतं, मग चिमट्याकडे बघतं, डुलत डुलत जातं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हाती देतं. कुणी ‘दे’ म्हटलेलं नसतं आणि नंतर कुणी शाबासकीही देत नाही.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला हा प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची २४ मुलं त्यात होती. त्यांच्यापुढे असे अडलेले प्रसंग एकामागून एक आणले गेले. कधी चिमटा पडला, तर कधी दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असलेला माणूस बंद कपाटावर धडकत राहिला. २४ पैकी २२ मुलांनी किमान एकदा तरी मदत केलीच. खरं नवल पुढेच आहे. त्याच माणसानं तोच चिमटा मुद्दाम खाली टाकला, तेव्हा मुलं सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे पडलेली वस्तू उचलायची गंमत म्हणून ती उठत नव्हती. समोरच्या माणसाचं काहीतरी अडलंय, एवढं त्या दीड वर्षाच्या जिवाला कळत होतं, आणि ते कळल्यावर त्याला बसवत नव्हतं.

खरं तर प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नाही. आई पोळ्या लाटायला बसली की दुडूदुडू येऊन लाटणं ओढणारं, आजोबा बाहेर निघाले की त्यांची काठी आणून देणारं, स्वतःपेक्षा उंच केरसुणी फरफटत नेणारं मूल प्रत्येक घरात असतं. आपण त्याला काय म्हणतो? “राहू दे, सांडशील.” “तू जा, खेळ जा.” आणि दहा-बारा वर्षांनी तेच मूल कशालाच हात लावत नाही, म्हणून आपण हताश होतो. शिक्षक म्हणतात, मुलांना कशातच रस नाही. पालक म्हणतात, याला आयुष्यात काय करायचंय तेच कळत नाही. लहानपणी जी गोष्ट मुलाकडे होती, ती मधल्या काळात गेली कुठे? आणि मुलाचा दिवस जिथे जातो ती शाळा ती परत आणू शकते का?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांनी अनेक वर्षं याच्याशी जोडलेल्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. जगण्याचं प्रयोजन म्हणजे नेमकं काय? त्यांच्या मांडणीचा गाभा असा: प्रयोजन म्हणजे असा टिकाऊ हेतू, की जो स्वतःला मोलाचा वाटतो आणि त्याच वेळी स्वतःपलीकडच्या कुणाच्या तरी उपयोगी पडतो. दोन्ही अटी हव्यात. आवड आहे पण तिचा कुणाला उपयोग नाही, तर तो छंद झाला. उपयोग आहे पण आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, तर ती वेठ झाली. २००८ साली आलेल्या ‘द पाथ टू पर्पज’ या पुस्तकात त्यांनी १२ ते २२ वर्षं वयाच्या अमेरिकी मुला-मुलींचा अभ्यास मांडला. आपलं प्रयोजन स्पष्ट सापडलेली मुलं त्यात जेमतेम एक पंचमांश निघाली.

आपण मुलांना विचारतो, “मोठेपणी कोण होणार?” डॉक्टर, पोलीस, इंजिनिअर, युट्यूबर अशी उत्तरं येतात. पण या प्रश्नात एक खोच आहे. प्रयोजन म्हणजे पंधरा वर्षांनी भेटणारी वस्तू, आज फक्त अभ्यास कर, असं तो नकळत मुलाला सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांनंतरचं काय दिसणार? त्याला दिसतो तो आजचा दिवस. म्हणून मला वाटतं, प्रश्न बदलायला हवा. आज या शाळेत तुझ्यावाचून कुणाचं अडतं?

‘अडणं’ या आपल्या साध्या क्रियापदात फार मोठी गोष्ट दडलेली आहे. “तुझ्यावाचून माझं काही अडत नाही,” हे आपण भांडणात म्हणतो तेव्हा ते समोरच्याच्या जिव्हारी लागतं. शिव्यांपेक्षा खोल लागतं. कारण नकोसं असण्यापेक्षाही, असलो काय नि नसलो काय सारखंच, ही भावना माणसाला आतून पोखरते. वर्गातल्या कितीतरी मुलांना रोज ही भावना येत असेल. हजेरीत नाव असतं, बाकावर जागा असते. पण ते मूल आज आलं नाही तर वर्गातली इकडची काडी तिकडे होत नाही.

माझ्या प्राथमिक शाळेत आंब्याच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. आमच्या वर्गात एक मुलगा होता. वाचताना अडखळायचा, पाढे म्हणताना त्याची नेहमी गाडी अडायची, आठवड्यातून दोन-तीन दिवस तो दांडी मारायचा. एका सोमवारी गुरुजींनी लोखंडी कांब त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “आजपासून टोल तुझा. तू नाही दिलास तर शाळा भरणार नाही.” भिंतीवरचं घड्याळ वाचायला तो दोन दिवसांत शिकला, वर्षभर ते त्याला जमलं नव्हतं. त्यानंतर तो कधी उशिरा आल्याचं मला आठवत नाही. भर पावसात डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन तो धावत येताना मला अजून दिसतो. कुणीतरी विचारलं होतं, “एवढा भिजत कशाला आलास रे?” त्यावर त्याचं उत्तर होतं, “मग टोल कोण देणार?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जबाबदार माणसाची घाई होती.

जपानमध्ये ही गोष्ट गुरुजींच्या मर्जीवर सोडलेली नाही. ती तिथल्या अधिकृत अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तिला ‘तोक्कात्सु’ म्हणतात, म्हणजे विशेष उपक्रम. दुपारच्या जेवणाची वेळ झाली की ज्यांची पाळी असते ती मुलं पांढरा अंगरखा, टोपी आणि मास्क घालतात, अन्नाची भांडी गाडीवरून वर्गात आणतात आणि सगळ्यांना सारखं वाढतात. शिक्षक त्याच वर्गात, तेच जेवण मुलांबरोबर जेवतात. दिवसातली काही मिनिटं सफाईची असतात. मुलंच फरशी पुसतात, फळा पुसतात, जिने झाडतात. सहावीची मुलं पहिलीच्या मुलांना फडकं कसं पिळायचं ते दाखवतात. घरी लाटणं ओढणाऱ्या मुलाला आपण “राहू दे” म्हणतो, तिथली शाळा पहिलीतच त्याच्या हाती पळी देते. इजिप्तला ही पद्धत इतकी भावली की २०१८ पासून तिथे या धर्तीवरच्या शाळा सुरू झाल्या.

एमा रायन यामाझाकी या दिग्दर्शिकेनं टोकियोतल्या अशाच एका प्राथमिक शाळेत चित्रीकरण केलं. त्यातून तयार झालेल्या ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ अ बीटिंग हार्ट’ या लघुपटाला २०२५ च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं. गोष्ट एवढीशीच आहे. वर्ष संपत आलंय. पहिलीची मुलं आता दुसरीत जाणार आणि नवी मुलं शाळेत येणार. त्यांच्या स्वागताला बीथोव्हेनची एक धून वाजवायची आहे. एका मुलीला ड्रम हवा असतो. निवडीत तो मिळत नाही, पुढे झांजा मिळतात. एक दिवस ती सराव न करताच येते, शिक्षक सगळ्यांसमोर कडक शब्दांत बोलतात आणि तिला रडू कोसळतं. मग दुसऱ्या शिक्षिका तिच्याजवळ जाऊन थांबतात, तिला सावरतात. शेवटी ती झांजा वाजवते, आणि ठेक्यावर वाजवते. पडद्यावर हे बघताना आपणही श्वास रोखून धरतो. अशा वाद्यवृंदात झांज हे वाद्यच असं आहे, की बहुतेक वेळ थांबून राहायचं आणि नेमक्या क्षणी वाजवायचं. तो क्षण चुकला तर सगळ्यांना कळतं. सहा-सात वर्षांच्या त्या मुलीला कळलेलं असतं, की धून आपल्यावाचून पुरी होत नाही. आणि ती वाजवते ती परीक्षकांसाठी नव्हे, शाळेत पहिलं पाऊल टाकताना बावरलेल्या, स्वतःपेक्षा एक वर्षानं लहान मुलांसाठी.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. मुलांनी काम करावं म्हणून आपला हात पटकन बक्षिसाकडे जातो. चांदणी देऊ, चॉकलेट देऊ, गुण देऊ. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. काही मुलांना मदतीबद्दल खेळायला उपयोगी पडेल अशी वस्तू दिली, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर पुन्हा मदतीची वेळ आली, तेव्हा ज्यांना वस्तू मिळाली होती ती मुलं मागे पडली. चिमटा देणं हा माणसाशी जोडणारा धागा होता. बक्षिसानं त्याची मजुरी झाली, आणि मजुरी थांबली की कामही मंदावलं.

शब्दांनीही फरक पडतो. २०१४ साली अमेरिकेत ख्रिस्तोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी दोन तऱ्हांनी गप्पा मारल्या. काहींशी ‘मदत करण्या’बद्दल बोलले, काहींशी ‘मदतनीस होण्या’बद्दल. नंतर मुलं खेळण्यात दंग असताना मदतीचे प्रसंग आणले. ‘मदतनीस’ ऐकलेली मुलं खेळ सोडून जास्त वेळा उठली. क्रिया करण्यापेक्षा आपण तसा माणूस असणं मुलांना अधिक ओढून नेतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतलं शालेय मंत्रिमंडळ इथे आठवतं. स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री. चौथीतला पाणीमंत्री माठावर फडकं बांधताना छाती पुढे काढून उभा असतो, ते उगीच नाही. ‘पाणी भर’ म्हटलं तर ते काम असतं, ‘तू पाणीमंत्री’ म्हटलं की तो स्वतः कुणीतरी असतो.

पण या ओळखीला एक नाजूक बाजू आहे. न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या एका संशोधक गटानं पुढचा प्रश्न विचारला: मदत करताना मुलाच्या हातून गडबड झाली तर? तेव्हा उलटं घडलं. ‘मदतनीस’ म्हणवलेली मुलं जास्त खचली आणि पुढच्या मदतीपासून मागे सरली. आपण मदतनीसच नाही, असा अर्थ त्यांनी चुकीतून काढला. म्हणजे पद द्यायचं, तर चुकायची मुभाही त्याच्याबरोबरच द्यायला हवी. माठ फुटला तर मंत्रिपद काढून घ्यायचं नाही. शेजारी बसून खापऱ्या गोळा करायच्या आणि उद्या नवा माठ कुठे ठेवायचा हे त्यालाच विचारायचं. टोकियोच्या त्या शाळेत रडणाऱ्या मुलीजवळ जाऊन थांबलेल्या शिक्षिकेनं हेच केलं होतं.

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींच्या, कामातून शिकवणाऱ्या नयी तालीमची वाट निघाली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली मुलं सूत काततात, भाजी पिकवतात, स्वयंपाकघर चालवतात, सफाई करतात, असं शिक्षण उभं राहिलं. टकळीवरचं सूत मोजताना गणित आलं, कापूस कुठून येतो यातून भूगोल आला, आठवड्याच्या जेवणाचा हिशेब मांडताना अर्थशास्त्र आणि आहारशास्त्र आलं. पण या साऱ्याहून मोठा धडा वेगळाच होता. हिशेब चुकला तर तो वहीत लाल रेघ ओढून संपत नव्हता, ताटात भाजी कमी पडत होती. काम खरं होतं, म्हणून करणाराही खरा ठरत होता.

त्याही आधी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे करून दाखवलं होतं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. अस्पृश्यता अजून घट्ट रुजलेल्या त्या काळात सगळ्या जातींची मुलं तिथे एका छपराखाली राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना घराघरांत माहीत झाली. तिच्याकडे आपण बहुतेकदा गरीब मुलांच्या फीची सोय म्हणून बघतो. ती सोय होतीच; पण शेतात राबून शिकणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट मिळत होती. आपण कुणाच्या दयेवर इथे राहत नाही, हे घर आपल्याही घामावर उभं आहे, ही जाणीव. संस्थेनं ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद घेतलं, त्यामागे हा ताठ कणा होता.

या दोन्ही परंपरांनी जपलेलं एक पथ्य आज फार महत्त्वाचं आहे: काम जातीवरून वाटायचं नाही, मुलगी आहे म्हणून वाटायचं नाही आणि शिक्षा म्हणूनही द्यायचं नाही. आपल्या शाळांमध्ये झाडू हळूच मुलींच्या हाती आणि घंटा मुलांच्या हाती जाते. कधी याहून वाईट, संडासाची सफाई ठरावीक वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला येते. अशा कामातून प्रयोजन उगवत नाही, अपमान उगवतो, आणि तो जन्मभर पुरतो. यावरचा उपाय गांधीजींनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर घालून दिला होता. जे शिक्षक स्वतः करत नाहीत, ते मुलांना करायला सांगायचं नाही. झाडू आधी सरांच्या आणि बाईंच्या हातात दिसला, सगळ्यांची पाळी आली, की तो झाडू कुणालाच हलका करत नाही.

आणखी एक खूण आपल्या छोट्या शाळांत रोज दिसते. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी शाळा म्हटली की आपल्याला कमतरताच दिसते. पण तिथली चौथीतली मुलगी पहिलीच्या मुलाचं बोट धरून ‘क’ गिरवून घेते, तेव्हा कोण शिकत असतं? २०१९ साली लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतल्या १,९८२ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यातल्या काहींना एवढंच सांगितलं, की तुमच्यापेक्षा लहान विद्यार्थ्यांना अभ्यासाबद्दल सल्ला द्या. चालढकल कशी टाळायची, अभ्यासाला कुठे बसायचं, असलं काहीबाही. जेमतेम आठ मिनिटांचं काम. तिमाहीअखेरीस सल्ला देणाऱ्यांचे स्वतःचे गुण इतरांपेक्षा जास्त निघाले. फरक थोडा होता, पण आठ मिनिटांच्या मानानं नवलाचाच. सल्ला ऐकून ऐकून कंटाळलेल्या मुलाला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं, “तुला काय वाटतं? त्या धाकट्याला सांगशील का?” ज्याला रोज मदत लागते, त्याच्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे त्याला तिथे कळलं.

म्हणून प्रयोजन रुजवायला वेगळा तास नको, पाहुण्यांचं भाषण नको, भिंतीवर आणखी एक सुविचारही नको. ज्या मुलांना स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मिळतं, परिपाठात बातम्या वाचायला मिळतात, आभार मानायला मिळतात, ती पहिल्या बाकावरची पाच-सहा मुलं. त्यांना आपण हवे आहोत, हे आधीच कळलेलं असतं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्यांच्यासाठी परसबागेतला एक वाफा हवा, की ज्यातली कोथिंबीर पोषण आहाराच्या खिचडीत पडते. ग्रंथपेटीची किल्ली हवी. पर्जन्यमापकाची रोजची नोंद हवी. नव्या आलेल्या मुलाला शाळा दाखवण्याचं काम हवं. काम लहान चालेल, खोटं चालणार नाही. ते खरं आहे का, याची कसोटी सोपी आहे: मुलानं ते केलं नाही तर कुणाचं तरी अडायला हवं.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल. शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पहिल्याच आठवड्यात पटावरच्या प्रत्येक नावापुढे एक काम लिहा. एकही नाव रिकामं सोडू नका, आणि दर महिन्याला कामं फिरवा. शेवटच्या बाकावरचं मूल एखाद्या दिवशी आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी “काल का आला नाहीस?” असं दरडावून विचारू नका. त्याला सांगा, “काल तू नव्हतास, जास्वंदीला पाणी राहिलं रे.”